सर्जनच्या हातातली सोनोग्राफी: खाटेपाशी काय पाहावं, काय पाहू नये

टाका_दोरा

अपघातातला रुग्ण आत येतो. बीपी पडतंय, नाडी धावतेय, अंगावर मोठी जखम मात्र दिसत नाही. म्हणजे रक्त आत कुठेतरी साठतंय. छातीत, पोटात, ओटीपोटाच्या हाडांमागे की मांडीत, हे सर्जनला काही मिनिटांत ठरवायचं असतं, कारण प्रत्येक ठिकाणचा इलाज वेगळा. सीटी स्कॅन सगळं नीट दाखवेल. पण कोसळत चाललेल्या रुग्णाला सीटीच्या खोलीत नेलं की मधल्या वेळात त्याच्यासाठी फारसं काही करता येत नाही.

पोटावर हात ठेवून तरी किती कळणार? बेशुद्ध माणूस कुठे दुखतंय ते सांगत नाही, आणि पोटात लिटरभर रक्त असूनही पोट मऊ लागू शकतं. पूर्वी यासाठी बेंबीखाली छोटा छेद देऊन पोटात नळी घालत, सलाइन सोडत आणि परत येणारं पाणी लाल आहे का ते बघत. १९६५ मध्ये मांडलेली ही पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली आणि तिनं जीवही वाचवले. पण ती तासातासाला परत करण्यासारखी नव्हती. शिवाय किरकोळ रक्त आलं तरी पोट उघडलं जायचं आणि आत दुरुस्त करण्यासारखं काही सापडायचं नाही.

तिची जागा 'फास्ट' तपासणीनं, म्हणजे जखमी रुग्णाच्या खाटेपाशीच केलेल्या झटपट सोनोग्राफीनं घेतली. प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, चार ठिकाणी ठेवायचा: उजव्या बरगड्यांपाशी यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधली फट, डावीकडे प्लीहेच्या भोवती, खाली मूत्राशयाच्या मागे, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून हृदयाचं आवरण. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटात सांडलेलं रक्त याच खोलगट जागांत जमतं. द्रव पडद्यावर काळा दिसतो. त्यामुळे काम एवढंच की या फटीत काळी पट्टी आहे की नाही ते पाहणं. जर्मनीत सर्जन १९७० च्या दशकापासून हे करत आले आहेत. उत्तर अमेरिकेतल्या ट्रॉमा सेंटरांत ते १९९० च्या दशकात रुजलं. पुढे त्यात दोन्ही बाजूंची छातीही आली, तिला ई-फास्ट म्हणतात.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. यंत्र खिशात मावेल एवढं झालंय, आणि 'आता सर्जन सोनोग्राफी करतात' असं सरसकट बोललं जातं. रेडिओलॉजिस्ट पूर्ण पोट बघतात, प्रत्येक अवयव मोजतात, शंका आली तर तिथे थांबतात आणि सविस्तर अहवाल देतात. मी ते करत नाही आणि करू नये. मी एक प्रश्न घेऊन जातो, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं आणि त्यावर माझं पुढचं पाऊल ठरतं. या गळवात पू आहे का? मुतखड्यासारखं दुखतंय म्हणून आलेल्या या म्हाताऱ्या माणसाची महाधमनी फुगलेली तर नाही ना? उत्तर काहीही आलं तरी मी तेच करणार असेन, तर प्रोब उचलण्यात अर्थ नाही.

रोजच्या कामातलं सांगायचं तर मला सर्वांत जास्त उपयोग त्वचेखालच्या सुजेत होतो. लाल, गरम, दुखरी सूज दिसायला सारखीच असते. आत नुसती सूज आहे की पू साठलाय हे बोटाला नेहमी कळत नाही. नुसती सूज असेल तर चरबीच्या गोळ्यांमध्ये पाणी शिरून पडद्यावर फरसबंदीसारखी नक्षी दिसते, आणि औषधं पुरतात. पू असेल तर काळपट पोकळी दिसते, प्रोबनं हलकं दाबलं की आतला गाळ हलतो, आणि मग चिरा देऊन निचरा करावा लागतो. जांघेतल्या सुजेला तर चाकू लावण्यापूर्वी प्रोब लावलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तिथे धमनीला भोक पडून बाजूला रक्ताची पिशवी तयार झालेली असू शकते, विशेषतः आधी तिथून अँजिओग्राफी झाली असेल किंवा कुणी सुया टोचल्या असतील तर. कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावला की लाल-निळा भोवरा फिरताना दिसतो. गळू समजून त्यावर चिरा दिला तर काय होईल हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. रेडिओलॉजीवाल्यांचे आक्षेप तर हवेतच.

प्रश्नचिन्ह

माहितीपूर्ण धागा. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, म्हणून बाळबोध शंका विचारते. मोबाइलला जोडायचा हा प्रोब आणि सोनोग्राफी सेंटरमधलं चाकांवरचं मोठं यंत्र, दोन्हींत सारखंच दिसतं का? सारखं दिसत असेल तर मोठं यंत्र कशाला, आणि दिसत नसेल तर छोट्यावर विश्वास कसा ठेवायचा?

लहरी

@प्रश्नचिन्ह, मी याच उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतो, म्हणून माझ्या बाजूनं लिहितो.

मूळ तत्त्व दोन्हींकडे एकच. प्रोब माणसाला ऐकू न येणारा आवाज शरीरात पाठवतो. मऊ ऊतकांत तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो. दोन वेगळे थर जिथे भेटतात तिथून प्रतिध्वनी परततो आणि परतायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. वारंवारता वाढवली की बारकावा वाढतो, पण आवाज खोल पोहोचत नाही. म्हणून पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब, आणि शिरा, गळू, थायरॉइड यांसाठी ७ ते १२ मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून जास्त वारंवारतेचा सरळ प्रोब. हवा आणि हाड यांच्यापुढे आवाज जवळजवळ जातच नाही. जेल लावतात ते प्रोब आणि त्वचा यांच्या मधली हवा घालवायला.

छोट्या यंत्रांची सुरुवात युद्धभूमीच्या गरजेतून झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पानं यासाठी पैसे पुरवले आणि त्यातून १९९९ मध्ये सोनोसाइटचं सुमारे अडीच किलोचं, हातात धरून नेता येणारं यंत्र बाजारात आलं. २०१० च्या सुमारास जीईचं खिशात मावणारं व्हीस्कॅन आलं. २०१७ मध्ये बटरफ्लाय आयक्यूला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यात विजेनं कंप पावणाऱ्या पारंपरिक पायझो स्फटिकांऐवजी सिलिकॉनच्या चिपवर सूक्ष्म पडदे कोरलेले आहेत. त्यामुळे एकच प्रोब खोल आणि उथळ अशा दोन्ही कामांसाठी चालवता येतो.

तडजोडी मात्र आहेत. छोट्या प्रोबला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून सलग वापरला तर तो तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. डॉप्लर मोठ्या यंत्राइतका संवेदनशील नसतो, मंद रक्तप्रवाह निसटतो. जाड रुग्णात खोलवरचं चित्र लवकर धूसर होतं. काळ्या द्रवाची पट्टी शोधायला हे पुरेसं आहे, यकृतातली एक सेंटिमीटरची गाठ ओळखायला मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. धागाकर्ते ज्याला हो-नाहीचा प्रश्न म्हणतात, तिथेच या यंत्राची ताकद आहे.

छायालेख

आक्षेप मागितलेच आहेत, तर रेडिओलॉजिस्ट म्हणून लिहिते.

सर्जननी प्रोब उचलण्याला माझा विरोध नाही. रात्री कोसळलेल्या रुग्णापाशी मी पोहोचेपर्यंत कुणी थांबू नये. माझा विरोध आहे तो 'सोनोग्राफी नॉर्मल' या दोन शब्दांना, जे नंतर केसपेपरवर दिसतात. कोणती सोनोग्राफी? काय पाहिलं? चित्र कुठे आहे? दोन दिवसांनी तोच रुग्ण माझ्याकडे येतो, मला मूत्रपिंडावर गाठ दिसते, आणि नातेवाईक म्हणतात की परवा तर सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल होतं. परवा कुणी मूत्रपिंड पाहिलेलंच नसतं, फक्त त्याच्या शेजारची फट पाहिलेली असते. लिहायचंच तर 'फास्ट: चारही ठिकाणी मुक्त द्रव दिसला नाही' असं लिहा, वेळ टाका आणि चित्रं साठवा. यंत्र कितीही छोटं असलं तरी ही जबाबदारी छोटी होत नाही.

दुसरं, ही तपासणी नकारात्मक आली म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात बोथट माराच्या रुग्णांमध्ये खाटेपाशीच्या सोनोग्राफीची संवेदनशीलता सुमारे ७४ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९६ टक्के आढळली. म्हणजे द्रव दिसला तर जवळजवळ नक्की काहीतरी आहे, पण ज्यांना खरोखर इजा आहे अशा दर चारांतला एक जण निसटू शकतो. लहान मुलांमध्ये तर आकडा आणखी खाली जातो. आतड्याला भोक पडलेलं असेल, स्वादुपिंड चिरडलं असेल, रक्त पोटाच्या मागच्या भागात साठत असेल, तर या चार खिडक्यांतून काहीच दिसत नाही. अनुभवी हाताला साधारण २०० मिली द्रव दिसू लागतो, नवख्याला बराच जास्त लागतो.

उलट्या बाजूनंही फसगत होते. यकृताच्या आजारात पोटात आधीपासून पाणी असतं, ते रक्त समजलं जातं. हृदयाच्या पुढची चरबी आवरणातल्या द्रवासारखी भासते. गोठलेलं रक्त काळं दिसतच नाही, ते करड्या गोळ्यासारखं दिसतं आणि प्लीहेचाच भाग वाटतं.

टाका_दोरा

@छायालेख, नोंदीबद्दल शंभर टक्के सहमत. प्रश्न, पाहिलेल्या जागा, उत्तर, वेळ आणि चित्र, एवढं नसेल तर ती तपासणी झालीच नाही असं मानावं.

७४ टक्क्यांबद्दल थोडं वेगळं मांडतो. तो आकडा बहुतेक करून एकदा केलेल्या तपासणीचा आहे. खाटेपाशीच्या यंत्राचा मोठा फायदाच हा की ते परत लावता येतं. पहिल्या पाच मिनिटांत फाटलेल्या प्लीहेतून पुरेसं रक्त सांडलेलंच नसतं. अर्ध्या तासानं तीच फट पाहिली तर पट्टी दिसू लागते. डोक्याकडची बाजू किंचित खाली केली की उजव्या फटीत थोडा द्रवही जमून दिसतो. बीपी पुन्हा पडलं, पोट दुखणं वाढलं, की लगेच परत पाहायचं. माझ्याकडे तो सरावाचा भाग आहे.

आणि स्थिर रुग्णाला सीटी करायचाच. फास्ट नकारात्मक आली म्हणून सीटी रद्द केला असं कुणी करत असेल तर तिथे माझं तुमच्याशी कसलंही भांडण नाही. फास्टचा खरा उपयोग अस्थिर रुग्णात आहे. बीपी पडलेलं आणि पोटात द्रव, तर सरळ ओटी (ऑपरेशन थिएटर). बीपी पडलेलं आणि पोट कोरडं, तर रक्त दुसरीकडे शोधा.

नवशिका_२

सर्जरीचा रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. आमच्या वॉर्डात यंत्र आहे, पण शिकवणारं कुणी ठरलेलं नाही. सीनिअर करतात ते बघून बघून करतो. किती केल्यावर स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा? आणि फुप्फुस कसं पाहायचं ते कुणीतरी नीट समजावेल का? पुस्तकात वाचतो तेव्हा कळतं, पडद्यावर सगळं करडं दिसतं.

भूलतज्ज्ञ_मी

@नवशिका_२, फुप्फुसाचं मी सांगतो. खरं तर फुप्फुस दिसत नाही, कारण हवा. दिसते ती दोन बरगड्यांच्या मधली, त्वचेपासून थोड्या खोलीवरची चमकदार रेघ. ती प्ल्युरा, म्हणजे फुप्फुसाभोवतीचं पातळ आवरण. रुग्ण श्वास घेतो तशी ती रेघ मागे-पुढे घसरताना दिसली तर त्या जागी फुप्फुस छातीच्या भिंतीला टेकलेलं आहे, म्हणजे तिथे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मध्ये साठलेली हवा) नाही. एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी सोय) लावलात तर रेघेच्या वर सरळ ओळी आणि खाली वाळूसारखं रवाळ चित्र येतं. घसरणं थांबलं की खालची वाळूही जाते आणि वरपासून खालपर्यंत बारकोडसारख्या ओळी येतात.

पण घसरण दिसली नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स आहेच असं धरू नका. श्वासनलिकेतली नळी एकाच फुप्फुसात गेली असेल, जुन्या आजारानं प्ल्युरा चिकटलेला असेल, रुग्ण श्वासच घेत नसेल, तरी ती थांबते. प्रोब बाजूला सरकवत न्या. एका जागी घसरण दिसते आणि नाहीशी होते असं ठिकाण सापडलं तर ती खूण पक्की, त्याला लंग पॉइंट म्हणतात. उताण्या रुग्णात हवा पुढच्या बाजूला जमते आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेत ती सहज लपते. तिथे सोनोग्राफी एक्स-रेपेक्षा सरस आहे, याबद्दल आता फारसं दुमत नाही. फ्रान्समधल्या डॅनिएल लिश्टेनश्टाइन यांनी फुप्फुसाच्या सोनोग्राफीचं हे शास्त्र आयसीयूत उभं केलं, त्यांचं काम जरूर वाचा.

सेंट्रल लाइनबद्दलही (मोठ्या शिरेत घालायची नळी) लिहायला हवं, कारण सर्जन आणि आम्ही दोघंही त्या टाकतो. मानेतली शीर फक्त खुणांवरून अंदाजानं टोचणं हा माझ्या मते आता रुग्णावर अन्याय आहे. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांविषयी शिफारसी करणाऱ्या सरकारी संस्थेनं २००२ मध्येच मानेतल्या मोठ्या शिरेसाठी सोनोग्राफी वापरावी अशी शिफारस केली होती. शीर आणि धमनी ओळखायला प्रोबनं हलकं दाबा: शीर चपटी होते, धमनी गोल राहून उडत राहते. दाबूनही शीर मिटत नसेल तर आत गुठळी असू शकते, ती बाजू सोडा. आणि पडद्यावर सुईचा चमकदार ठिपका दिसतो तो टोकाचाच आहे याची खात्री करा. आडव्या छेदात सुईचा कुठलाही भाग ठिपक्यासारखाच दिसतो, टोक तोवर शिरेच्या पलीकडे धमनीत गेलेलं असू शकतं. सुई थोडी पुढे, प्रोब थोडा पुढे, असं टोकाचा माग काढत जा.

टाका_दोरा

@नवशिका_२, संख्येबद्दल. अमेरिकेतल्या इमर्जन्सी फिजिशियनांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० देखरेखीखाली केलेल्या तपासण्या सांगितल्या आहेत. फास्टच्या ५० केल्या म्हणून गॉलब्लॅडर येतो असं नाही, प्रत्येक प्रकार वेगळा शिकायचा. संख्येपेक्षाही पडताळा महत्त्वाचा. तू फास्ट केलीस, नंतर सीटी झाला किंवा पोट उघडलं गेलं, तर तुझ्या नोंदीशेजारी तो निकाल लिहून ठेव. सर्जनला मिळणारी ही संधी इतर कुणाला क्वचितच मिळते, की पडद्यावर पाहिलेलं काही वेळानं उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. आणि सुरुवातीला निरोगी पोटं भरपूर पाहा. नॉर्मल डोळ्यांत मुरलं की बिघडलेलं आपोआप खटकतं.

आणि एक विनंती. छायालेख यांच्यासारख्या कुणाकडे आठवड्यातून एकदा तुझी चित्रं घेऊन जा. बहुतेक रेडिओलॉजिस्ट मनापासून शिकवतात, आपण विचारत नाही.

छायालेख

जरूर यावं. मी तर म्हणेन, चित्रं घेऊन येणाऱ्या रेसिडेंटला परत पाठवणारा रेडिओलॉजिस्ट मला भेटायचाय.

अपेंडिक्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. १९८६ मध्ये डच रेडिओलॉजिस्ट ज्युलियन पायलार्ट यांनी दाखवलं की प्रोबनं हळूहळू दाब वाढवत नेला की मधली आतडी आणि त्यातली हवा बाजूला सरते आणि सुजलेलं अपेंडिक्स दिसू लागतं. एका टोकाला बंद, दाबून न मिटणारी, ६ मिलिमीटरपेक्षा जाड नळी. सर्जननी हे शिकावं असं मला वाटतं, कारण सगळ्यात जास्त कुठे दुखतंय ते त्यांच्या बोटाला माहीत असतं आणि प्रोब नेमका तिथेच ठेवायचा असतो. फक्त एक नियम पाळा. सुजलेलं अपेंडिक्स दिसलं तर उपयोग आहे. अपेंडिक्स सापडलंच नाही, तर अपेंडिसायटिस नाही असा निष्कर्ष काढू नका. मला बोलवा, किंवा सीटी करा.

पित्ताशयाचंही तेच. खडा आणि त्यामागची काळी सावली ओळखणं सोपं. भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड, आणि प्रोब नेमका पित्ताशयावर दाबला की रुग्ण कळवळतो, एवढं जुळलं तर निदान बरंचसं पुढे सरकतं. पित्तनलिकेच्या खालच्या टोकातला खडा मात्र आमच्याकडच्या मोठ्या यंत्रावरही बऱ्याचदा आतड्यातल्या हवेमागे दडतो. तो नाही असं छोट्या यंत्रावरून कृपया कुणी लिहू नये.

रातपाळी

मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. डॉक्टरांच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते म्हणून लिहिते: हा प्रोब एका रुग्णावरून दुसऱ्यावर जातो. जखम, पू, रक्त, सगळ्याला लागतो. प्रत्येक रुग्णानंतर आधी जेल पूर्ण पुसायचं, मग कंपनीनं सांगितलेल्या द्रावणानंच साफ करायचं. हाताला लागेल ते स्पिरिट वापरलं तर काही प्रोबचा पुढचा रबरी थर खराब होतो. उघडी जखम असेल किंवा सुई टोचायची असेल तर निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेलची एकदाच वापरायची पुडी. मोठ्या बाटलीतलं साधं जेल सुईच्या कामाला नको. दूषित जेलमधून बर्खोल्डेरिया जंतूंचा संसर्ग पसरल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत नोंदलेल्या आहेत. बाटली संपली की तिच्यातच पुन्हा भरणं तर अजिबात नको.

आम्हाला स्वतःला सर्वांत जास्त उपयोग होतो तो मूत्राशयासाठी. ऑपरेशननंतर रुग्णाला लघवी होत नाही. पूर्वी सरळ कॅथेटर घालायचे. आता आधी पाहतो, मूत्राशयात लघवी साठलीच नसेल तर कॅथेटर कशाला? मग सलाइन पुरतंय का, बीपी कसं आहे ते बघायचं. ४००-५०० मिली साठलं असेल आणि रुग्णाला होतच नसेल, तर घालावं लागतं. जितक्या नळ्या कमी, तितके लघवीचे संसर्ग कमी. हे मोजणं आम्ही सिस्टर शिकलो आहोत आणि उत्तम करतो.

आणि पडदा ओढून घ्या. घाईत पोट उघडं टाकलेला रुग्ण जागा असतो, त्याला लाज वाटते. दोन वाक्यांत काय करतोय ते सांगितलं तर तो शांत पडून राहतो आणि तुम्हालाही नीट दिसतं.

आभाळ

माझ्या आईला पोटात दुखत होतं म्हणून ॲडमिट केलं तेव्हा सर्जननी एकाच दिवसात तीनदा छोटं यंत्र फिरवून पाहिलं. आम्हाला वाटलं की त्यांना काही सापडत नाहीये, म्हणून ते सारखं बघतायत, आणि आम्ही घाबरलो. शेवटी आतड्याला अडथळा आहे असं सांगितलं, सीटीही केला, ऑपरेशन न करता बरी झाली. आता हा धागा वाचून वाटतंय की परत परत पाहण्यातच काही हेतू असावा. बरोबर आहे का?

टाका_दोरा

@आभाळ, आई बऱ्या झाल्या हे वाचून आनंद झाला. हो, हेतू असणार. अडथळ्यात लहान आतडं फुगतं, साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद होतं, आणि आतला द्रव पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी मागे-पुढे हेलकावे खाताना दिसतो. काही तासांनी पाहिलं तर आतडं जोर लावतंय की दमून निपचित पडलंय, भिंत जाड होतेय का, बाहेर द्रव साठतोय का, हे कळतं. त्यावरून थांबायचं की ऑपरेशन करायचं हा निर्णय पक्का होत जातो. क्ष-किरण नसल्यामुळे परत परत पाहण्यात किरणोत्सर्गाचा प्रश्न येत नाही.

हे त्या दिवशी तुम्हाला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. रुग्णासमोर प्रोब फिरवताना आपण काय शोधतोय ते बोलत राहणं हाही तपासणीचाच भाग आहे असं मी रेसिडेंटना सांगतो.

छायालेख

थोडा इतिहास, कारण 'सोनोग्राफी हे रेडिओलॉजीचं क्षेत्र, सर्जन त्यात घुसले' असं दोन्ही बाजूंचे लोक मानतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटात, आतड्याच्या भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी मोजता येईल का हे तपासणारे जॉन वाइल्ड हे मूळचे इंग्लंडमधले सर्जनच होते. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड या स्त्रीरोगतज्ज्ञांचा पोटातल्या गाठींवरचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये एक बाई होत्या, ज्यांना जठराचा पुढे गेलेला, ऑपरेशन न करण्याजोगा कॅन्सर आहे असं निदान झालं होतं. ध्वनिलहरींत द्रवानं भरलेली मोठी गाठ दिसली. ती अंडाशयाची सिस्ट निघाली आणि काढता आली.

ओटीतल्या वापराबद्दलही कुणी बोललं नाही. जपानमध्ये मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात यकृतावर थेट प्रोब ठेवून, त्या भागाच्या शिरेत रंग सोडून, नेमका तेवढाच खंड काढण्याची पद्धत बसवली. स्तनाच्या शस्त्रक्रियेत तर माझ्या मते अजूनही हिचा वापर कमी होतो. नेदरलँड्समधल्या एका तुलनात्मक अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, हाताला लागणाऱ्या कॅन्सरच्या गाठी असलेल्या १३४ स्त्रियांपैकी निम्म्यांची गाठ सर्जननी नुसत्या बोटांच्या अंदाजानं काढली, उरलेल्यांची सोनोग्राफीत पाहत पाहत. कडेला कॅन्सर राहून जाण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या ऑपरेशनची पाळी टळणं ही त्या बाईसाठी किती मोठी गोष्ट आहे!

दुसरी बाजूही लिहिते. २०१७ मध्ये स्थिर प्रकृतीच्या ९२५ जखमी मुलांवरचा अभ्यास जामा नियतकालिकात आला. नेहमीच्या तपासणीत फास्ट जोडल्यानं त्या मुलांचे सीटी कमी झाले नाहीत, की निसटलेल्या इजाही कमी झाल्या नाहीत. स्थिर मुलात त्या प्रश्नाचं उत्तर पुढचं पाऊल बदलतच नाही, हे धागाकर्त्यांचंच सूत्र तिथे लागू पडतं.

नवशिका_२

सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून वॉर्डात लावतोय (परवानगी आहे असं धरतो). एक शेवटची शंका. डाव्या छातीत, हृदयाच्या अगदी जवळ भोसकलेला रुग्ण. बीपी ठीकठाक. हृदयाच्या आवरणात द्रव दिसला नाही. डाव्या छातीत मात्र रक्त आहे. हृदय सुटलं असं समजायचं का?

टाका_दोरा

नाही. ही तपासणी धोका देते अशा सगळ्यात वाईट जागांपैकी ही एक आहे. हृदयाबरोबर त्याचं आवरणही फाटलेलं असेल तर रक्त आवरणात न साठता डाव्या छातीत निचरत राहतं. पडद्यावर आवरण कोरडं दिसतं, हृदय छान धडधडतं, बीपीही काही काळ टिकतं. म्हणून डाव्या छातीत रक्त असलेल्या, हृदयाजवळ भोसकलेल्या रुग्णात नकारात्मक उत्तर उत्तर म्हणून धरायचंच नाही.

छातीत नळी टाक, किती रक्त येतंय आणि किती वेगानं येतंय त्यावर नजर ठेव, रक्त निघाल्यावर हृदयाचं आवरण परत पाहा. तरीही शंका राहिली तर ओटीत छातीच्या हाडाच्या टोकाखालून छोटा छेद घेऊन आवरण उघडून प्रत्यक्ष पाहावं लागतं. आणि हे सगळं चालू असताना सीनिअर तिथे उभे हवेत. त्यांना पहिल्या मिनिटालाच फोन कर, प्रोब नंतर उचल.

भूलतज्ज्ञ_मी

+१. आणि दुसरा फोन आम्हाला. भूल देताना अशा रुग्णाचं बीपी कोसळू शकतं, तेव्हा छाती आधी धुऊन, कापड घालून, सर्जन हातमोजे चढवून तयार असल्याशिवाय आम्ही औषध सोडत नाही.